टाके निघेपर्यंत

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. दोरा गिळलेल्या तुमच्या बोक्याला, पैलवानाला, ऑपरेशननंतर आज संध्याकाळी घरी आणणार म्हणून तुझा मेसेज आला. दवाखान्याच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा आणि खाली 'विश्रांती' एवढंच लिहिलंय, मग बाकी काय करायचं, असं तू विचारलंस. गोळ्यांच्या वेळा तू पाळशीलच. विश्रांतीचं मात्र जरा सविस्तर लिहावं लागेल, म्हणून फोन न करता पत्र.

आधी त्याच्या पोटात काय झालं होतं ते समजून घे, म्हणजे कशावर डोळा ठेवायचा ते कळेल. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. दोरा तोंडात गेला की थुंकणं त्याला जमत नाही, तो गिळतच जातो. त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या पुढच्या तोंडाशी अडकलं, की आतडं उरलेला दोरा पुढं ढकलायला बघतं आणि स्वतःच त्यावर गोळा होत जातं. परकराची नाडी ओढल्यावर चुण्या पडतात, अगदी तसं. ताणलेला दोरा मग आतड्याला आतून कापायला लागतो. तोंडातून लोंबणारं टोक तू ओढलं नाहीस, हे फार चांगलं केलंस. ओढलं असतंस तर आतडं आतल्या आत चिरलं असतं. आईला सांग, फॉल-बिडिंगचे दोरे यापुढं झाकणाच्या डब्यात, आणि दोरा ओवलेली सुई उशीला टोचून ठेवायची नाही.

डॉक्टरांनी दोन ठिकाणी आतडं उघडून दोरा काढला, म्हणजे पोटावर दिसतात त्यांच्याखेरीज आतही टाके आहेत. येणारे-जाणारे बाहेरची जखम बघून 'किती छान भरली' म्हणतील. मला काळजी आतल्या टाक्यांची आहे. ते सुटायचे असले तर बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सुटतात, आणि नेमकं तेव्हाच घरात सगळ्यांना वाटायला लागतं, झालं, बरा झाला. ऑपरेशन मंगळवारी झालं. तेव्हा उद्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत तू कुठं जाऊ नकोस, मैत्रिणीचं लग्न असलं तरी. या तीन दिवसांत त्यानं पुन्हा खाणं सोडलं, उलट्यांवर उलट्या केल्या, पोटाजवळ हात नेताच गुरगुरला, मलूल होऊन कोपऱ्यात कुबड काढून बसला, तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन लावायचा. रात्री कुठल्या नंबरवर कोण उचलतं, ते आज त्याला आणतानाच विचारून घे.

त्यात हा पाऊस. कोल्हापुरात तुमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या बाजूला, आणि दवाखाना राजारामपुरीत. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, ते तुमच्या घराला मी सांगायला नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज बघतच असशील. ४३ फुटांची, धोक्याची वाट बघत बसू नकोस. ३९ ची इशारा पातळी गाठली की पैलवानाला उचल आणि सरळ माझ्याकडं ये. इथून दवाखाना चालत जाण्यासारखा आहे.

आता विश्रांतीचं. माणसाला 'पडून राहा' म्हणता येतं, मांजराला नाही. दुखणं कमी वाटलं की तो थेट ओट्यावर उडी मारणार, आणि पोटाच्या टाक्यांना सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे उडी. म्हणून जागाच लहान कर. तुमची ती आतली छोटी खोली बरी आहे. टेबल-खुर्ची बाहेर काढ, वर चढण्यासारखं काही ठेवू नकोस, कॉटखालची जागा खोक्यांनी बंद कर. नाहीतर तो कॉटखाली शिरेल आणि आपल्याला त्याचं शेपूटसुद्धा दिसायचं नाही. लपायला त्याला जागा हवीच असते, म्हणून एक खोका आडवा टाकून ठेव, तोंड दाराकडं, आत जुनी वाकळ. रोज हात लावून बघ, वाकळ कोरडी आहे ना. या हवेत सगळं दमट होतं. शी-शूच्या ट्रेमध्ये टाके निघेपर्यंत वाळू नको, वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून टाक. वाळूचे कण जखमेला चिकटतात.

फरशी पुसायला काळं फिनेल वापरता ना तुम्ही? त्या खोलीत नको. पाण्यात ओतल्यावर पाणी पांढरं, दुधाळ करणारी जंतुनाशकंही नकोत. मांजर त्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. ही द्रव्यं निकामी करण्याचं काम आपलं यकृत बऱ्यापैकी करतं, मांजराचं यकृत त्यात फार कमी पडतं. तापाच्या आणि अंगदुखीच्या आपल्या गोळ्यांचंही तेच. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा भागच त्यानं निकामी होतो, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. 'लहान मुलाला देतो त्याच्या पाव' हा हिशोब इथं चालत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, यांतलं काहीही नाही. दुखतंय असं वाटलं तर डॉक्टरांना विचारून त्यांनी दिलेलंच औषध.

माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून गाई-म्हशींत गेली, मांजरं आयुष्यात आली ती निवृत्तीनंतर. म्हणून सांगतो, शेजारचे कोणी गोठ्यातला उपाय सांगायला आले तर चहा पाज आणि वाटेला लाव. जखमेला हळद लावायची नाही, तेल नाही, राख नाही, टर्पेंटाइन तर मुळीच नाही. लावलं की तो चाटतो, चाटलं की पोटात जातं आणि जखमही ओली राहते. पावसाळ्यात माश्या बसतात आणि जखमेत किडे पडतात, म्हणून खिडकीला जाळी किंवा जुनी साडी लाव. औषधापेक्षा तिचा उपयोग जास्त.

जखम सकाळ-संध्याकाळ बघायची, हात न लावता. त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढून ठेव, म्हणजे कालच्यापेक्षा आज काय बदललं यावर घरात वाद होणार नाही. पहिले दोन-तीन दिवस कडा थोड्या लाल, थोड्या सुजलेल्या दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पू, घाण वास, वाढत जाणारी सूज, दोन टाक्यांमध्ये पडलेली फट, सतत पाझरणारं पाणी, हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. जखम चाटता येऊ नये म्हणून घातलेली गळ्यातली मोठी कॉलर काढायची नाही. तो भिंतीला धडकेल, मागं मागं चालेल, तुझ्याकडं असा बघेल की तूच विरघळशील. तरी नाही. मांजराच्या जिभेला टाके उसवायला फार वेळ लागत नाही. कॉलरमुळं खाता येत नसेल तर फक्त खाताना काढ, समोर बसून, आणि ताट संपलं की लगेच घाल.

खाण्यावर तुझं आणि आजीचं भांडण होणार, हे मी आत्ताच सांगतो. त्या म्हणतील, "अगं, दोन चमचे अळणी पाज की त्याला, ताकद येईल." आपल्याकडं बाळंतिणीपासून तालमीतल्या पैलवानापर्यंत सगळ्यांना अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी, त्यामुळं त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या अळणीत कांदा असतो, आलं-लसूण असतं. कांदा-लसणीनं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेल्यानंसुद्धा. पांढऱ्या रश्श्याचंही तेच. त्याच्यासाठी चिकन वेगळं उकड, नुसत्या पाण्यात, मीठही नको, हाड तर नकोच. बारीक कुस्करून, किंचित कोमट करून दे. मांजर वासावर जेवतं आणि गार खाण्याला वास येत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, दरवेळी चार चमचे. डॉक्टरांनी पोटाचं वेगळं खाणं दिलं असेल तर आधी तेच. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तालमीतल्या पैलवानांना राहू दे. मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही, त्यात आतडं नुकतं शिवलेलं, जुलाब नकोत.

खात नसेल तर मात्र जबरदस्तीनं तोंडात कोंबू नकोस, श्वासनलिकेत जाईल. पण वाटही बघू नकोस. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, आणि मग मूळ दुखणं राहतं बाजूला, यकृताचंच दुखणं सुरू होतं. अंगानं भरलेल्या मांजराला हे जास्त होतं, आणि आपला पैलवान नावाला जागणारा आहे. एक दिवस पूर्ण तोंड फिरवलं की डॉक्टरांना कळव.

गोळी देताना त्याचं डोकं मागं कलव, जिभेच्या मागच्या भागावर ठेव, तोंड मिटून गळ्यावरून हलकेच बोट फिरव. त्यानंतर सिरिंजनं, अर्थात सुई काढून, गालाच्या कडेनं थोडं पाणी सावकाश. हे पाणी विसरू नकोस. काही गोळ्या, विशेषतः डॉक्सीसायक्लिन, अन्ननलिकेत अडकून राहिल्या तर तिथं जखम करतात.

दुखतंय का हे त्याच्या आवाजावरून ठरवू नकोस. मांजर ओरडत नाही, आणि घुरघुर तर दुखतानाही करतं. चेहरा बघ. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये 'फेलाइन ग्रिमेस स्केल' म्हणून एक मोजपट्टी प्रसिद्ध केली: कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोकं, प्रत्येकाला ० ते २ गुण. कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर वळलेले, डोळे बारीक केलेले, तोंड आवळलेलं, मिशा ताठ, डोकं खांद्याच्या खाली गेलेलं, तर गुण वाढतात. १० पैकी ४ झाले की वेदनाशामकाचा विचार करायचा. झोपेतून उठवून किंवा तो अंग चाटत असताना हे बघायचं नाही. मला ही पट्टी आवडते, कारण 'मला वाटतं त्याला बरं नाही' याऐवजी तू डॉक्टरांना आकडा सांगू शकतेस.

आणखी दोन आकडे. तो गाढ झोपला असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते अर्धा मिनिट मोज आणि दुप्पट कर. ३० च्या आत असावं. तोंड उघडून श्वास घेत असेल तर मोजत बसू नकोस, निघ. ताप मात्र हातानं बघू नकोस. मांजराचं अंग मुळातच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. हिरड्या बघ, गुलाबी असाव्यात. पांढऱ्या, पिवळ्या, निळसर, यांतली कुठलीही वाईट. आणि तो बोका आहे, म्हणून लघवीकडं लक्ष ठेव. शी एक-दोन दिवस झाली नाही तर चालेल. पण ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय आणि कागद कोरडाच, तर ती वेगळीच अडचण आहे आणि तिलाही सकाळपर्यंत थांबता येत नाही.

हे सगळं एका वहीत लिही. खाल्लं किती, गोळी कधी, शू, शी, उलटी, श्वास, चेहऱ्याचे गुण. शाळेची जुनी वही चालेल. घरात तिघं जण गोळ्या देत असाल तर हीच वही तुम्हाला दोनदा गोळी देण्यापासून वाचवेल.

बाकी वेळ त्याला सोडून दे. सारखं उचलणं, कुरवाळणं, शेजारच्या पोरांना दाखवायला आणणं बंद. तू खोलीत बस, अभ्यास कर, त्याच्याकडं न बघितल्यासारखं बघ. वाटलं तर तो आपणहून येऊन मांडीला टेकेल. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतील, आणि ते निघाले तरी उड्या कधी सुरू करायच्या हे तेव्हा डॉक्टरांनाच विचार.

शनिवारी रात्री मी उशिरापर्यंत जागा असतो. फोन कर आणि वहीतलं वाचून दाखव.

तुझा,
काका

ता. क. आज आणायला पुठ्ठ्याचा खोका नेऊ नकोस, पावसात त्याचा तळ सुटतो. झाकणाची प्लॅस्टिकची बास्केट घे, आत टॉवेल, वरून रेनकोट, हवेला फट ठेवून. रिक्षावाल्याला बसायच्या आधीच सांग की आत मांजर आहे आणि खड्ड्यांतून सावकाश घ्यायचंय.