वाचकांचे प्रश्न : हात थरथरतो, मग चमचा जड घ्यायचा का?

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, रिटायर्ड मुख्याध्यापक. चार-पाच वर्षं झाली, दोन्ही हात थरथरतात, पेपर हातात घेतला की पेपर फडफडतो आणि कपबशी घेऊन चार पावलं चालले की अर्धा चहा बशीत. न्यूरोलॉजिस्टनी पार्किन्सन नाहीये, इसेन्शियल ट्रेमर (हात कामाला लागला की थरथरतो तो आजार) आहे असं सांगितलंय, गोळी चालू आहे, थोडा फरक पडलाय. पण जेवताना आमटीभात तोंडापर्यंत येईस्तोवर निम्मा शर्टावर. आता ते लग्नाकार्यात जेवतच नाहीत, पोट बरं नाही म्हणून सांगतात. ऑनलाइन मुद्दाम जड बनवलेले चमचे मिळतात, सेट अडीच हजाराच्या आसपास. मिस्टर म्हणतात आधीच हात थरथरतोय त्यात वजन कशाला. घेऊ का? (सांगली)

उत्तर : ताई, मिस्टरांची शंका चुकीची नाही, बहुतेकांना पहिल्यांदा असंच वाटतं. पण रिकामी एसटी खड्ड्यातून कशी उडत जाते आणि तीच गच्च भरलेली असली की जरा दमाने जाते, तसंच आहे हे. थरथर म्हणजे हाताला सेकंदाला चार ते बारा बारीक धक्के. हलकी वस्तू त्या प्रत्येक धक्क्याबरोबर नाचते, जड वस्तू इतक्या पटापट दिशा बदलू शकत नाही. आपला घरातला स्टीलचा जेवणाचा चमचा ३० ते ५० ग्रॅमचा, आणि हे जे खास चमचे मिळतात ते साधारण पावणेदोनशे ते सव्वादोनशे ग्रॅमचे, वजन सगळं दांड्यात आणि दांडा जाड, म्हणजे बोटं घट्ट आवळावी लागत नाहीत. माझा अनुभव असा आहे की निम्मा फायदा त्या जाडीचाच असतो, कारण माणूस जितकं आवळून धरतो तितका हात जास्त कापतो.

पण सगळ्यांना फरक पडतोच असं नाही हं. यावर जे अभ्यास झालेत ते छोटे छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत, काहींना छान उपयोग, काहींना काहीच नाही. म्हणून अडीच हजार घालायच्या आधी घरीच ट्रायल घ्या. सायकलच्या दुकानात हँडलच्या रबरी ग्रिप मिळतात, अगदी स्वस्तात. त्यात स्टीलचे नट घालायचे, चमच्याचा दांडा खुपसायचा, राहिलेल्या फटीत कापड ठासायचं आणि वरून टेप. किराणावाल्याकडच्या काट्यावर वजन करून घ्या, आधी १०० ग्रॅमच्या आसपास करा, मग नट वाढवत न्या. मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं मात्र वापरू नका, शिसं जेवणाच्या आसपासही नको. आणि माळ्यावरची आजीची पितळी पळी आठवली असेल तर ती वजनाला मस्त आहे पण कल्हई नसेल तर आंबट आमटीत नको.

आता टेस्ट. टेबलावर पाण्याची वाटी, आणि डब्यावर डबा ठेवून तोंडाच्या उंचीला एक रिकामा ग्लास. वाटीतून दहा चमचे पाणी ग्लासात न्यायचं, एकदा साध्या चमच्याने, थोडी विश्रांती, मग जड चमच्याने (दोन्ही चमच्यांचा खोलगट भाग सारखाच हवा, नाहीतर काय मोजतोय तेच कळणार नाही). ग्लासात किती पोचलं ते डोळ्याला दिसतं, त्यावर घरात वाद घालायची गरज राहत नाही. पाण्याने करा, आमटीने नको, निम्मं टेन्शन सांडण्याचं असतं आणि टेन्शनने थरथर वाढते. सकाळी एकदा, रात्री दमल्यावर एकदा. दहाव्या चमच्याला खांदा भरून आला म्हणाले तर वजन कमी करा.

चमच्याची लांबीही बघा, याकडे कोणी लक्षच देत नाही. दांडा जितका लांब तितकी टोकाची थरथर मोठी, म्हणून चमचा आखूड धरायचा, खोलगट भागाच्या जवळ. त्याच कारणाने हाताने जेवणं काही जणांना चमच्यापेक्षा सोपं जातं, बोटं काही सहा इंच पुढे आलेली नसतात. भाकरी आमटीत कुस्करून मऊ गोळा केला की सांडत नाही, पातळ आमटीभात मात्र हाताने काय आणि चमच्याने काय, अवघडच. मग आमटी वेगळी, जाड मगमध्ये, अर्धाच भरून, दोन्ही हातांनी धरून प्यायची. ताटाखाली एक पाट ठेवून ताट वर आणा आणि कोपर टेबलावर टेकवू द्या. कोपर टेकवून जेवू नये असं त्यांनीच वर्गात शिकवलं असेल कदाचित, पण टेकलेल्या कोपराने जितका फरक पडतो तितका कधीकधी महागड्या चमच्यानेही पडत नाही. ताटाखाली ओला नॅपकिन, म्हणजे ते सरकत नाही.

लग्नातला बुफे म्हणजे तर शिक्षाच, एका हातात प्लेट, दुसऱ्यात चमचा, कोपर हवेत. खुर्ची-टेबल बघून बसवा, पातळ काही वाढू नका, पुलाव आणि सुकी भाजी पुरे. चमचा खिशातून न्यायचा, दिसायला तो साधा जाड चमचाच असतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक विचारू का? एवढ्या मोठ्या पत्रात सासऱ्यांना काय हवंय ते कुठेच आलेलं नाही. काहींना हा चमचा म्हणजे आजारी असल्याचा शिक्का वाटतो आणि तो ड्रॉवरमध्ये पडून राहतो. पाण्याची टेस्ट त्यांनाच करू द्या, मार्कही त्यांनाच देऊ द्या, मुख्याध्यापक आहेत, आवडेल त्यांना.

प्रश्न : आईला (वय ६९) पार्किन्सन आहे, सहा वर्षं झाली. मावशीच्या सासूबाईंना जड चमच्याने फरक पडला म्हणून आम्हीही आणला पण आई दहा मिनिटांत दमते, अर्धं ताट तसंच, वजनही उतरलंय. शिवाय ती कोणीतरी सांगितलं म्हणून खाजकुहिलीचं चूर्णही घेते. (नाशिक)

उत्तर : दादा, तो चमचा आजपासून बाजूला ठेवा. मावशीच्या सासूबाईंना नेमकं काय झालंय ते आधी विचारा, पार्किन्सन नसण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. पार्किन्सनची थरथर सहसा हात मांडीवर नुसता ठेवलेला असताना जास्त दिसते आणि हात कामाला लागला की कमी होते. सगळ्यांचं असं नसतं, काहींचा हात घास नेतानाही थरथरतो, पण जेवताना जास्त नडतो तो हाताचा ताठरपणा आणि संथपणा, आणि आधीच जड झालेल्या हातात आणखी पाव किलो दिला तर तो दमणारच. तुमच्या आईला उलट हवंय, चमचा हलका पण दांडा जाड, वर फोम किंवा तीच सायकलची ग्रिप, आत नट न घालता. ताट उभ्या काठाचं घ्या, म्हणजे घास काठाला ढकलून चमच्यात घेता येतो, सपाट डिशमध्ये तो पळत राहतो.

पण खरी गोष्ट चमच्यात नाहीये, घड्याळात आहे. लेव्होडोपाची (पार्किन्सनवरच्या नेहमीच्या औषधाची) गोळी चालू असेल तर तिचा असर असतानाची वेळ जेवणाला मिळाली पाहिजे. गोळी बहुतेकदा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला सांगतात, कारण डाळ, पनीर, अंडं यातलं प्रोटीन आणि ही गोळी आतड्यातून शोषली जाताना एकमेकांच्या आड येतात. आईची गोळी कधी, जेवण कधी आणि हात कधी मोकळा चालतो, हे चार दिवस कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. वेळा आपल्या मनाने बदलू नका.

आणि खाजकुहिलीचं डॉक्टरांना सांगितलंय का? तिच्या बियांमध्ये लेव्होडोपाच असतं, नैसर्गिक, म्हणजे गोळीतून एक डोस आणि चूर्णातून दुसरा, तोही किती ते माहीत नसलेला. पुडा घेऊनच जा. वजन उतरलंय, त्यात जेवताना ठसका लागत असेल, घास तोंडात रेंगाळत असेल तर तेही सांगा, गिळण्याची तपासणी करून घ्यावी लागेल. तोपर्यंत स्ट्रॉने पाणी देऊ नका.

प्रश्न : थरथर ओळखून स्वतः स्थिर राहणारा इलेक्ट्रॉनिक चमचा असतो म्हणे. भावाला अमेरिकेतून आणायला सांगू का? (पुणे)

उत्तर : असतो की. दांड्यात सेन्सर, हात डावीकडे हलला की आतली मोटर चमच्याचं टोक उजवीकडे नेते. अनुपम पाठक यांच्या लिफ्ट लॅब्ज कंपनीने असा चमचा काढला होता आणि २०१४ मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली. हलक्या ते मध्यम थरथरीला चांगला, पण घास चमच्यातच भरता येत नसेल किंवा हात ताठ असेल तर हा चमचा काही करू शकत नाही. भावाला आधी विचारायला लावा की इथे बिघडला तर दुरुस्त कोण करणार, टोकाचे सुटे भाग मिळतात का आणि धुताना दांडा पाण्यात गेला तर काय होतं. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी तो पहिल्याच दिवशी बादलीत बुडवणार, हे धरून चाला.