ओव्हरक्लॉक केल्याने प्रोसेसरचं आयुष्य किती कमी होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने, ४.० गिगाहर्ट्झऐवजी ४.५ वर चालवला आणि तापमान ७० अंशांच्या आत ठेवलं, तर तो किती वर्षं लवकर जाईल? वर्षांचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, कारण एकाच मॉडेलच्या दोन चिपासुद्धा सारख्या नसतात. पण चिप कशाने झिजते हे नीट माहीत आहे. तुम्ही तापमानाकडे लक्ष ठेवून आहात, ते चांगलंच आहे. पण माझ्या मते त्याआधी व्होल्टेजकडे बघायला हवं.

चिपच्या आत तांब्याच्या अतिशय बारीक तारा असतात. त्यांतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू पुढे ढकलत राहतात. एकीकडे पोकळी होते, दुसरीकडे धातू साचतो, आणि पुरेसा काळ गेला की तार तुटते किंवा शेजारच्या तारेला चिकटते. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये त्याचं समीकरण मांडलं: तेवढ्याच तारेतून दुप्पट प्रवाह नेला तर आयुष्य साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं, आणि तापमान वाढलं की ते आणखी झपाट्याने घटतं. दुसरी झीज ट्रान्झिस्टरची. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे तो चालू व्हायला लागणारं व्होल्टेज वाढत जातं, म्हणजे ट्रान्झिस्टर मंदावतो. ही झीज स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ, सेटिंगवरही होतेच. ती गृहीत धरूनच कंपनी थोडं व्होल्टेज राखून ठेवते, आणि ओव्हरक्लॉक करताना आपण नेमकी तीच राखीव पुंजी वापरतो.

म्हणून चिप बहुधा एका दिवसात मरत नाही. आधी ती जास्त व्होल्टेज मागायला लागते. हे मी स्वतःच्या मशीनवर पाहिलंय.

माझ्या जुन्या प्रोसेसरला ४.३ साठी १.२२ व्होल्ट पुरत होते, ४.४ साठी १.२५. ४.५ साठी मात्र एकदम १.३६ लागले. मी ४.५ च ठेवला. कूलर मोठा होता, तापमान कधी ७२ च्या वर गेलं नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो. जवळपास तीन वर्षांनी एक मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना एरर आला. पुन्हा चालवला तर दुसऱ्याच फायलीवर अडकला, तिसऱ्यांदा तिसऱ्याच. कोड तोच आणि चूक दर वेळी वेगळ्या जागी, म्हणजे दोष कोडचा नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए या नावाखाली प्रोसेसरच्या चुकांच्या नोंदी होत्या, आणि पहिली नोंद त्या दिवसाच्या पाच आठवडे आधीची होती. तोवर बॅकअपमधल्या दोन झिप फायली खराब झाल्या होत्या, त्या उघडल्याच नाहीत. चिप जाण्यापेक्षा मला हेच जास्त लागलं, आणि तुम्हीही याचीच जास्त काळजी करावी असं मनापासून वाटतं. प्रोसेसर नवा आणता येतो.

व्होल्टेज १.३८ केल्यावर ती चिप काही महिने चालली, मग पुन्हा तेच. शेवटी ४.३ वर आणली. पूर्वी तिथे १.२२ पुरायचे, आता १.२६ लागतात. तेवढी ती म्हातारी झाली. पण आजही चालते आहे.

आता हिशेब बघा. चिप खाते ती वीज ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग. ४.४ वरून ४.५ म्हणजे वेग जेमतेम सव्वादोन टक्के वाढला. व्होल्टेज १.२५ वरून १.३६ वर गेल्यामुळे वीज मात्र २१ टक्क्यांनी वाढली. कुठल्याही चिपमध्ये असा एक टप्पा येतो जिथून पुढच्या प्रत्येक १०० मेगाहर्ट्झची किंमत अचानक चढते. प्रत्येक पायरीला किती व्होल्ट लागले ते कागदावर लिहीत चला, उडी कुठे येते ते दिसेल. त्याच्या एक पायरी अलीकडे थांबा.

इतिहासही हेच सांगतो. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर अनेकांनी मूळ व्होल्टेजवरच ३०० वरून ४५० मेगाहर्ट्झला नेला. ही ५० टक्के वाढ, आणि तरी त्यातल्या कित्येक चिपा पुढे वर्षानुवर्षं चालल्या. याउलट पेंटियम ४ च्या नॉर्थवुड पिढीला लोकांनी १.७ व्होल्टच्या पुढे नेलं, तेव्हा त्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गेल्या. कूलर चांगला असूनही गेल्या. त्या प्रकाराला ‘सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम’ असं नावच पडलं. अलीकडचं उदाहरण तर ओव्हरक्लॉक न केलेल्या चिपांचं आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे अस्थिर होत होते. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) त्या मागणीला १.५५ व्होल्टची मर्यादा घातली आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेली चिप मात्र कुठल्याही अपडेटने दुरुस्त होत नाही. तुमचा प्रोसेसर या पिढ्यांमधला असेल, तर ओव्हरक्लॉकचा विचार करण्याआधी बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, हा मायक्रोकोड त्यातूनच येतो.

ग्राफिक्स कार्डबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. बहुतेक कार्डांवर कंपनीनेच व्होल्टेजला कुलूप घातलेलं असतं, त्यामुळे स्लायडर थोडा पुढे सरकवून आयुष्यावर फार परिणाम होत नाही.

रॅमकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगावर नेणारी बायोसमधली तयार सेटिंग, चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच. डीडीआर४ चं व्होल्टेज १.२ वरून बहुधा १.३५ होतं, रॅमला ते सोसतं. प्रश्न प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणाऱ्या भागाचा आहे, कारण काही मदरबोर्ड त्याचं व्होल्टेज गुपचूप वाढवतात. २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही एक्स३डी प्रोसेसर जळाले, त्यानंतर एएमडीने हेच व्होल्टेज (त्यांच्याकडे त्याला एसओसी व्होल्टेज म्हणतात) १.३ व्होल्टवर रोखलं.

तर तुमच्यासाठी सल्ला: ७० अंश ही चांगली मर्यादा आहे, ती पाळाच, पण व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका. ऑटोवर बोर्ड स्वतःच्या सोयीने भरपूर व्होल्टेज देतो. लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भार आल्यावर व्होल्टेज खाली पडू न देणारी बायोसमधली सेटिंग, सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवू नका. तशी ठेवली तर भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ते साध्या सॉफ्टवेअरला दिसतही नाही. काम नसताना वेग आणि व्होल्टेज खाली येऊ द्या. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून चुका शोधणारा प्राइम९५ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवा, रॅम मेमटेस्ट८६ ने वेगळी तपासा, आणि नंतरही दर महिन्याला इव्हेंट व्ह्यूअरमधल्या त्या नोंदी बघत जा.

आत्ता मशीन स्टॉकवर असेल तर पूर्ण भार देऊन व्होल्टेज किती दिसतं ते आधी लिहून ठेवा. मग ४.२, ४.३ असं चढत जा आणि ते आकडे मला कळवा. तुमच्या चिपला कुठे थांबवायचं ते त्यावरूनच सांगता येईल.