फौजी आजोबांचे पान

प्रिय बाळा,

11 नोव्हेंबरला शाळेत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून आल्यावर तू विचारलेस, की युद्धात गेलेल्यांसाठी इथे इंग्लंडमध्ये सगळे गप्प उभे राहतात, तर आपण गावी फौजी आजोबांसाठी जेवण का वाढतो? हा प्रश्न मला आवडला, म्हणून उत्तर लिहूनच देतो आहे.

फौजी आजोबा म्हणजे तुझ्या पणजोबांचे थोरले भाऊ. त्या काळी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती व्हायची ती मुख्यत्वे सातारा, रत्नागिरीकडची मुले. आपल्या वर्धा जिल्ह्यातून कमीच जात. ते मात्र गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात, 1941 च्या मार्चमध्ये, पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनच्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने लढताना पडले. केरेन हे डोंगरांच्या कड्यात वसलेले गाव असून, तिथे पोहोचण्याची वाट एका अरुंद खिंडीतून जात होती आणि खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर इटालियन सैन्य दबा धरून बसले होते. 15 मार्चच्या रात्री चांदण्यात तिसऱ्या मराठा बटालियनने डोलोगोरोडोक किल्ल्याखालची टेकाडे चढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ला सर केला तो वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटने. म्हणजे लीड्समधल्या तुझ्या वर्गात ज्याच्या पणजोबांसाठी मौन पाळले गेले, ते पणजोबा कदाचित आपल्या फौजी आजोबांच्या मागोमागच तो डोंगर चढले असतील. 27 मार्चला केरेन पडले, तोवर आपल्या बाजूचे 500 हून अधिक जवान कामी आले होते.

गावात खबर आली ती फार उशिरा, तीही एका छापील कागदावर. देह नाही, अस्थी नाहीत, फोटो तर कधी काढलेलाच नव्हता. लग्न झालेले नसल्यामुळे त्यांच्या नावाने पाणी सोडायला मूलबाळही नव्हते. अशा माणसाचे काय करायचे, याची सोय आपल्या पंचांगाने फार पूर्वीच करून ठेवली आहे. एरवी पितृपक्षात ज्याची जी तिथी, त्या तिथीला त्याचे पान वाढतात. शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी मात्र भाद्रपद वद्य चतुर्दशी राखून ठेवलेली आहे, मग तो मृत्यू कोणत्याही तिथीला झालेला असो. दुसऱ्या दिवशी पितृमोक्ष अमावस्या येते, तेव्हा साऱ्या गावाचेच पितर जेवतात. पण चतुर्दशीला आपल्या आळीत एकाच घरातून वड्यांचा वास येतो, आणि तो कशासाठी हे सर्वांना ठाऊक असते. भावाच्या वंशाने त्यांना जेवू घालायचे, असे पणजोबांनी ठरवले आणि आता तुझे मोठे बाबा ते करतात. कढी, वडे, खीर, भाजी असे पान वाढून कावळ्याचा घास कवेलूंवर ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवत नाही. तू त्या दिवशी भुकेने रडला होतास, ते याच कारणाने.

मौनात सगळ्यांची आठवण एकदम होते, आणि ती रीतही मला भावते. आपल्याकडे मात्र तो घरचा माणूस जेवायला येतो, त्याला वीर वगैरे कोणी म्हणत नाही. त्याला आणखीही एक कारण असावे. केरेननंतर दीडच वर्षाने, 16 ऑगस्ट 1942 रोजी नागपंचमीला, आपल्या गावाजवळच्या आष्टीत आणि तिकडे चिमूरला लोक ब्रिटिश सरकारविरुद्ध उठले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याच सरकारच्या गणवेशात मेलेल्या मुलाचे गुणगान चावडीवर करणे पणजोबांच्या आईवडिलांना त्या वर्षी जमण्यासारखे नव्हते. मुलाचे दुःख मात्र घरात होतेच, आणि ते चतुर्दशीच्या पानावर वाढले गेले. त्यांच्या नावाने आलेल्या पैशांतून नाल्याकाठी जो तुकडा घेतला, त्याला आजही ‘पलटणीचं वावर’ म्हणतात. तिथे तूर आणि कपाशी होते.

तुझ्या बाईंना फोटो हवा आहे, तो आपल्याकडे नाही. त्याऐवजी त्यांचे नाव, गाव आणि पलटण लिहून ने. केरेनच्या युद्धसमाधी परिसरात, ज्यांचे दहन झाले त्या हिंदी जवानांचे वेगळे स्मारक आहे, आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत नावाने शोध घेता येतो. गावाचे नाव इंग्रजीत त्यांनी कसे लिहिले असेल ते सांगता येत नाही, म्हणून रविवारी मोठ्या बाबांना फोन लावून तो छापील कागद समोर घेऊन बसायला सांगू.

तुझे
बाबा