आफ्रिकेतल्या मलावी देशातील मुलांजे या मोझांबिकच्या सीमेवरच्या जिल्ह्यात लोक कशावर जगतात?

चहा, मका आणि तूर. पण आधी डोंगर बघायला हवा. 3002 मीटर उंचीचं सापित्वा शिखर असलेला मुलांजे पर्वत पूर्वेकडून येणारे बाष्पाचे वारे अडवतो, म्हणून दक्षिण पायथ्याला भरपूर पाऊस आणि चहाचे मळे. मे ते ऑगस्टमध्ये मोझांबिककडून 'चिपेरोनी' हे गार, बारीक झिमझिमीचं हवामान येतं.

याच झिमझिमीवर तूर पोसते. नोव्हेंबर-डिसेंबरात पहिल्या पावसावर साधारण 75 सेंटिमीटरच्या वरंब्यांवर मका टोकतात आणि दोन खड्ड्यांच्या मधोमध तुरीचे तीन दाणे. तिकडे तुरीला 'नांदोलो' म्हणतात. मका एप्रिल-मेमध्ये निघतो, तूर मात्र उरलेल्या ओलीवर उभी राहून ऑगस्टच्या आसपास काढणीला येते. घोळ इथेच होतो: मका निघाला की शेळ्या मोकळ्या सोडतात आणि हिरवी तूर फस्त होते. शिवाय मर रोग आणि शेंगा पोखरणारी अळी आहेच, आपल्या मराठवाड्यासारखी.

सीमेच्या पलीकडे मोझांबिकचं मिलांजे, अलीकडच्या बाजूला मलावीचा मुलोझा नाका. डिसेंबर ते मार्चमध्ये घरातला मका संपला की पलीकडून सायकलींवर पोती येतात. या टंचाईच्या दिवसांत भाव चढतो, तो कमी जमीन असलेल्या मजुराला सगळ्यात जास्त बोचतो.

भारताने 2021 मध्ये मलावीतून वर्षाला 50,000 टन तूर घेण्याचा करार केला, तो तूर पिकवणाऱ्या या शेतकऱ्यांसाठी फार मोलाचा.