थ्रस्टर बसवला आणि बोट अडकली

प्रश्न : मी नेरुळला राहतो. माझी 28 फुटी फायबरची डिझेल बोट आहे. जेट्टीला लावताना आडवा वारा तिचं तोंड फिरवतो, म्हणून एका वर्कशॉपमध्ये बो थ्रस्टर (बोटीच्या नाकाजवळ आडव्या नळीत बसवलेला, तोंड डावी-उजवीकडे ढकलणारा छोटा पंखा) बसवून घेतला. ठरले 4 लाख 20 हजार, दिले 3 लाख. बोट पाण्यात उतरवली तर थ्रस्टरच्या नळीजवळ पाणी झिरपतं. मालक आधी व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाला, 'परत ग्लास मारून देतो', म्हणजे फायबरग्लासचा थर देऊन जोड बंद करतो. आता म्हणतो, तुमचा हलच (बोटीचं बाहेरचं अंग) जुना. बाकी दिल्याशिवाय बोट सोडत नाही, वर रोजचं जागाभाडं लावतोय. बिलावर 'गॅरंटी नाही' असा शिक्का आहे. अधूनमधून ओळखीच्यांना पार्टीसाठी बोट देतो, डिझेलचे पैसे घेतो. काय करू?

उत्तर : पार्टीचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण समोरचा वकील आधी तेच उचलेल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला लागू होत नाही. नुसतं डिझेल वाटून घेत असाल तर तो व्यापार नाही, असं मी ठामपणे मांडेन. पण भाड्याची जाहिरात कुठे टाकली असेल तर मला आत्ताच सांगा.

आता बोट. करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते, मात्र काम ठरल्याप्रमाणे झालेलं हवं. गळकं काम तसं नाही, हा तुमचा मुद्दा. पण तो सिद्ध होईपर्यंत बोट यार्डात पावसाळा काढेल. म्हणून बाकी रक्कम 'हक्क राखून, तक्रारीसह' असं लेखी कळवून बँकेतून भरा आणि बोट सोडवा. जागाभाडं आधी ठरलं नसेल तर देऊ नका. तो स्वतःच्या वसुलीसाठी बोट अडवतोय, त्याचं भाडं तुमच्यावर कसं? बोट परस्पर विकायचा अधिकारही त्याला नाही.

पैसे भराल तेव्हाच, बोट हलवण्याआधी, मरीन सर्व्हेयरकडून (बोटी तपासून अहवाल देणारा तज्ज्ञ) तपासणी करून घ्या. नळीसाठी हल दोन्ही बाजूंनी कापून ती ग्लासने जोडतात. पाणी त्या जोडातून येतंय की दुसरीकडून, यावर सगळं अवलंबून आहे. दुसऱ्या कारागिराने हात लावला की पुरावा गेला. आणि हल जुना होता, तर करवत लावण्याआधी सांगायला नको होतं का? काम झाल्यावर मारलेला शिक्का, तुम्ही आधी मान्य केलेला नसेल तर, करारात येत नाही.

नोटीस देऊन फरक पडला नाही, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता तिथे ती करता येते. (खारघरला असता तर रायगड.) मुदत दोन वर्षं. कामासाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असल्याने फी नाही. हलमधला बदल नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला आणि विमा कंपनीला कळवला नसेल तर आधी कळवा.

'परत ग्लास मारून देतो' ही जवळजवळ कबुलीच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडून ती दाखल करू. तोवर तो फोन विकू नका, चॅट पुसू नका.