दंताजी कोण, आणि त्यांचे ठाणे कुठले?

पुण्यातल्या एका सोसायटीत गणेशोत्सवासाठी नाट्यगीतांचा कार्यक्रम बसतो आहे. त्यात देवलांच्या ‘संगीत शारदा’तले ‘म्हातारा इतुका न’ हे पद आहे. ते गाणाऱ्या मुलीने विचारले आहे : ‘दंताजीचे ठाणे उठले, फुटले दोन्ही कान’ यातले दंताजी कोण? त्यांचा ठाणे शहराशी काय संबंध? आणि श्रोत्यांना कळावे म्हणून ‘अवघे पाऊणशे वयमान’ यातल्या ‘पाऊणशे’ऐवजी ‘पंच्याहत्तर’ म्हटले तर चालेल का?

दंताजी म्हणजे दात. नुसत्या दातांना ‘जी’ लावला की ते संताजी, धनाजी, दत्ताजी यांच्या पंगतीला जाऊन बसतात. पोटाचा ‘पोटोबा’ करतो ती आपली जुनीच खोड, पण पोटोबा घरगुती आहे, तर दंताजी सरदार. सरदार म्हटल्यावर ठाणे आलेच. ठाणे म्हणजे मुलूख राखायला बसवलेली शिबंदीची चौकी. बखरींत ठाणी बसतात आणि उठतात. आज तो शब्द आपल्याला फरासखान्यासारख्या पोलीस ठाण्यापुरता उरला आहे. ठाणे शहराचे नावही ‘स्थान’ याच मुळातले, संबंध तेवढाच. तेव्हा दंताजीचे ठाणे उठले म्हणजे तोंडाचे बोळके झाले.

खरी गंमत पुढच्या तीन शब्दांत आहे. ‘कान फुटलेत का तुझे?’ असे आपण ऐकू न येणाऱ्यावर खेकसतो. पण सरदारही फुटतो, शत्रूला जाऊन मिळतो. ठाणे उठल्याच्या बातमीपाठोपाठ ‘फुटले’ आले की हा दुसरा अर्थ आपोआप कानात वाजतो. मग डोळे रुसतात, आणि ‘नन्ना म्हणते मान’. म्हातारपणी मान आडवी हलते, तो नकारच झाला. नन्नाचा पाढा म्हणतो तोच हा नन्ना. दात गेले, कान फितूर, डोळे रुसलेले, मान ऐकेना : सगळी फौज धन्याला सोडून चालली आहे आणि धनी बोहल्यावर चढायला निघाला आहे. ‘मान’ मध्ये मानसन्मान काहीजण शोधतात. मला ते ओढूनताणून वाटते. हलणारी मान पुरेशी बोलकी आहे.

हा धनी म्हणजे भुजंगनाथ. पैसेवाला, लोक ‘श्रीमंत’ म्हणतात म्हणून फुगलेला, आणि भद्रेश्वर दीक्षितासारखा लग्न जुळवणारा दलाल हाताशी. संस्कृतात भुजंग म्हणजे साप आणि रंगेल पुरुषही, तेव्हा नावातच त्याचे सोंग उघडे पडले आहे. ज्या कोवळ्या शारदेशी तो लग्न करायला निघाला आहे, तिचा पैशाचा लोभी बाप कांचनभट. कांचन म्हणजे सोने, तेव्हा त्याचेही नाव असेच नेमके. 1899 साली जरठ-बाला विवाहावर, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्यावर, हे नाटक आले. भुजंगनाथाला थेरडा म्हणून शिव्या घालणे सोपे होते, पण पद त्याचीच बाजू घेतल्यासारखे बोलते. ‘लग्ना अजुनी लहान’ हे वाक्य घरोघरी कोवळ्या पोरीबद्दल म्हणायचे. ते पोरीला सोडून म्हाताऱ्याला चिकटवले आहे. माझ्या मते सगळ्या पदात सर्वांत जहरी ओळ हीच.

म्हणूनच ‘पाऊणशे’ बदलू नका. पाऊण हा ‘पादोन’चा, म्हणजे ‘पावाने कमी’चा वंशज. आकडा पंच्याहत्तरच, पण शब्द शंभराला अजून पाव कमी असल्याचे सांगतो, जणू भुजंगनाथ पुरता भरलेलाच नाही. त्यात आधी ‘अवघे’. अवघे म्हणजे फक्त, आणि अवघे म्हणजे सगळेच्या सगळे. चेष्टा पहिल्या अर्थाने करायची, दुसरा श्रोत्यांच्या मनात आपोआप उमटतो. ‘पंच्याहत्तर’ घातले की यातले काहीच उरत नाही, मात्राही चालीत बसत नाहीत. मुलांना कळावे असे वाटत असेल तर निवेदकाने आधी एका वाक्यात पाऊणशे म्हणजे किती ते सांगावे. आणि गाताना ‘दंताजी’वर हसू नये. तो शब्द सरदाराचे नाव घ्यावे तसा अदबीने घ्यावा, आणि ‘उठले’नंतर क्षणभर थांबून मग ‘फुटले’ म्हणावे.