गोष्ट काढून टाक, काकणं ठेव

प्रश्न : मी इंदूरला सुदामानगरात राहते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून आईबाबांबरोबर मराठी नाटकं पाहत आले. मागच्या महिन्यात 'संगीत शारदा'चा प्रयोग पाहिला आणि त्यावर लेख लिहून एका पाक्षिकाला पाठवला. 'हे परीक्षण नाही, कथासार आहे' असा शेरा मारून संपादकांनी तो परत केला. लेख सोबत जोडते आहे. बाबा म्हणतात, या नादात सीए राहून जाईल. नाट्यसमीक्षेत करिअर होतं का? आणि माझ्यात ते आहे का?

उत्तर : तुझा लेख दोनदा वाचला. संपादकांचा शेरा खरा आहे, पण त्यांनी आठवा परिच्छेद नीट वाचलेला दिसत नाही. तिथे तू लिहिलं आहेस, 'पद सुरू होण्याआधी शारदेने हातातली काकणं कोपरापर्यंत मागे सारली.' हे वाक्य फक्त त्या संध्याकाळी तिथे बसलेल्या माणसालाच लिहिता येतं. बाकी लेखात शारदेच्या बापाचा, कांचनभटाचा लोभ, तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या म्हाताऱ्या भुजंगनाथाचं वय, ते लग्न मोडू पाहणाऱ्या कोदंडाची धडपड, सगळी गोष्ट क्रमाने आली आहे. ती नाटककार गो. ब. देवलांनी लिहून ठेवली आहे आणि तुझ्या वाचकांना ती ठाऊक आहे. 'सर्वांची कामे छान झाली', 'नेपथ्य साजेसे होते', 'संगीत श्रवणीय' ही वाक्यं तर नाटक न पाहताही लिहिता येतात. जुन्या नाटकाच्या परीक्षणात वाचकाला एवढंच हवं असतं की हे माहितीचं नाटक या मंडळींनी आज कसं केलं आणि ते तुला पटलं का.

म्हणून लेख काकणांपासून सुरू कर. त्या मुलीने ती मागे का सारली? आवाज होऊ नये म्हणून गायिकेने केलेली सोय होती, की बोहल्यावर चढवल्या जाणाऱ्या पोरीचे हात मोकळे व्हायला धडपडत होते? पुढच्या अंकात ती पुन्हा मनगटावर आली होती का? आठवत नसेल तर आठवत नाही असं स्वतःशी कबूल कर आणि पुढच्या वेळी वही घेऊन जा. अंधारात लिहायची सवय लागते. एका ओळीला एक शब्द पुरतो. घरी येऊन त्याच रात्री ते शब्द उलगडायचे. सकाळपर्यंत निम्मं निसटतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. तू लिहितेस, '"मूर्तिमंत भीती उभी"ला वन्समोअर मिळाला, यातच सारे आले.' अगं, तिथेच तर परीक्षण सुरू होतं! एक मुलगी समोर साक्षात भीती पाहते आहे, सभागृह टाळ्या वाजवतं आणि तिला ती भीती पुन्हा गायला लावतं. त्या क्षणी ती शारदा राहिली, की प्रेक्षकांना हात जोडणारी गायिका झाली? दुसऱ्यांदा गाताना तिने ताना वाढवल्या की आवाज आणखी खाली आणला? ऑर्गनवाल्याने तिला उसंत दिली का? संगीत नाटकात हा पेच पहिल्यापासून आहे. पद रंगलं की प्रसंग थांबतो, आणि पद आखडलं तर रसिक हिरमुसतात. चांगली नटी यातून वाट काढते. तुझ्या शारदेने काढली का, हे ठामपणे सांग. माझं मत विचारशील तर अशा पदाला वन्समोअर देऊच नये; पण तू तो प्रयोग पाहिलास, मी नाही. तुझं मत उलट असेल तर तेही चालेल, फक्त डोळ्यांनी पाहिलेला पुरावा हवा.

संहिता मिळवून वाच. जुनी संगीत नाटकं रात्र रात्र चालत, आज ती तीनेक तासांत बसवतात. कोणती पदं गाळली, कुणाचे प्रवेश आखडले, यावरून दिग्दर्शकाला नाटकात काय दिसलं ते कळतं. लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षितावर हशा पिकावा म्हणून त्याचे संवाद ठेवले आणि शारदेच्या आईचे कापले असतील, तर नाटकाचा तोलच बदलतो.

दोन चुका दुरुस्त कर. 'या नाटकावरून शारदा कायद्याला नाव पडले' असं तू लिहिलंस. 1929 चा तो बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. नावांच्या साधर्म्यामुळे हा घोटाळा फार जुना आहे. दुसरी चूक आपणा इंदूरकरांची नेहमीची : 'नाटकाचे मंचन झाले'. मराठीत प्रयोग होतो. आणि एक गोष्ट राहून गेली. 'शारदा'चा पहिला प्रयोग 1899 मध्ये आपल्या इंदुरातच झाला होता. इथल्या मुलीच्या लेखात ते यायलाच हवं.

आता बाबांचा प्रश्न. त्यांची काळजी रास्त आहे. केवळ नाट्यपरीक्षणावर घर चालवणारं मराठीत मला कुणी माहीत नाही. तेव्हा बी.कॉम. सोडू नकोस, सीएची तयारीही चालू ठेव. नाट्यसंस्थांना, महोत्सवांना हिशेब आणि नाटक दोन्ही कळणारी माणसं लागतात आणि ती सहज मिळत नाहीत. लिहिण्याकडेच ओढ राहिली तर पदवीनंतर आपल्या देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. नाटकाचं रीतसर शिक्षण हवं असेल तर पुण्याच्या विद्यापीठातलं ललित कला केंद्र आणि वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा नाट्यविभाग आहे. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी तपासून घे.

तुला दोन्ही भाषा येतात, ही मोठी शिदोरी आहे. राहुल बारपुते घरी मराठी बोलणारे, पण 'नई दुनिया'चे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेत त्यांनी मानाचं स्थान मिळवलं आणि इंदूरच्या नाटकाशी त्यांचं नातं कायम राहिलं. मराठी नाटकाबद्दल हिंदीत जाणतेपणाने लिहिणारं माणूस इथल्या वर्तमानपत्रांना आजही हवं आहे.

तुझ्यात ते आहे का, हे एका लेखावरून मी सांगणार नाही. वर्षभरात सहा प्रयोगांवर लिही. आपल्याकडच्या 'सानंद' या संस्थेत एकच नाटक शनिवार-रविवारी वेगवेगळ्या गटांसाठी होतं. आयोजकांना विचारून एखादं दोनदा पाहता आलं तर पाहा. शनिवारी जमलेली जागा रविवारी का पडली, याचा शोध घेताना फार शिकायला मिळतं.

'शारदा'वरचा लेख आधी नव्याने लिही. गोष्टीला चार ओळी, त्याहून जास्त नाही. झाला की मला पाठव आणि बाबांनाही वाचून दाखव. तेही त्या प्रयोगाला होते ना? काकणं त्यांना दिसली होती का, विचार.